बुधवारची बिननावाची चिठ्ठी

चिठ्ठी वाचली आणि चष्मेवालीने आधी दाराकडे पाहिलं.

दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं, हे नशीब. मालक आतल्या खोलीत काचा घासायच्या मशीनवर वाकले होते. त्या घरघरीत बाहेर कोणी बेशुद्ध पडलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. मंगळवारी दुपारी दुकान सुनं असलं की चर्चमधली प्रार्थनेची पेटी काउंटरवर उपडी करायची, चिठ्ठ्या उलगडायच्या, वेगवेगळ्या लावायच्या आणि बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभेत मंडळीपुढे वाचून दाखवायच्या, हे काम ती अकरा वर्षं करत आली होती. आजारपणं एका गठ्ठ्यात, परीक्षा आणि नोकऱ्या दुसऱ्यात, न जमणारी लग्नं तिसऱ्यात. ही चिठ्ठी कुठल्याच गठ्ठ्यात बसेना.

'एका बाईसाठी प्रार्थना करा. ती देवापेक्षा माणसांना जास्त भिते. कुणाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलते. सगळे तिला चांगली म्हणतात. नाव लिहीत नाही. देवाला ठाऊक आहे.'

देवाला ठाऊक असेलच, पण चष्मेवालीलाही ते तत्काळ ठाऊक झालं. ही बाई म्हणजे आपणच, दुसरी कोण?

अक्षर मोठं विचित्र होतं. ओळी खाली खाली घसरत गेलेल्या, एक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर चढलेलं, वेलांट्या भलतीकडेच. मुद्दाम डाव्या हाताने लिहिलंय, तिने ताडलं. ओळखू येऊ नये म्हणून! केवढा हा बेरकीपणा, आणि तोही प्रार्थनेच्या पेटीत.

चष्मेवाली वाईट बाई होती असं कुणी म्हणणार नाही. तिच्याइतकी गोड बाई त्या गल्लीत शोधून सापडली नसती, आणि तीच तर सगळी अडचण होती. गिऱ्हाइकाने कुठलीही फ्रेम नाकावर चढवून आरशात पाहिलं की ती म्हणायची, "देवाशपथ, छान दिसतंय!" चौकोनी चेहऱ्याला चौकोनी फ्रेम, बसक्या नाकाला जाड फ्रेम, सगळ्यांना छान. घरी नणंदेचं आणि सासूबाईंचं वाजलं तर ती स्वयंपाकघरात सासूबाईंना म्हणायची, "तुमचंच बरोबर आहे, आई," आणि जिन्यात नणंदेला म्हणायची, "तुमचंच बरोबर आहे हो."

एवढं करून तिला सुख होतं का? छे. जो सगळ्यांची मर्जी सांभाळतो त्याला सगळ्यांवर नजर ठेवावी लागते. चर्चच्या पाळकांनी रविवारी दारात हात हातात घेतला पण हसले नाहीत, का? ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी आज नमस्कार आधी केला नाही, आपण करेपर्यंत थांबल्या, का? शेजारीण आपण जवळ येताच बोलायची थांबली. तिच्या मनात पाल चुकचुकायला एवढंही पुरायचं, आणि ती पाल वर्षाचे बारा महिने मुक्कामाला होती.

चिठ्ठ्यांचंही तेच. तिथे लिहिलेलं जसंच्या तसं वाचायचं, असं पाळकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण माणसं काय वाटेल ते लिहितात! 'थोरल्या जावेचा हेवा वाटतो, तो जावा,' असं कुणी लिहिलं तर चष्मेवाली वाचायची, "एका कुटुंबातल्या प्रेमासाठी." रंगाऱ्याच्या बायकोने लिहिलं होतं, 'नवरा पितो आणि मारतो. त्याची दारू सुटावी.' चष्मेवालीने वाचलं, "रंगारीभाऊंच्या प्रकृतीसाठी." दोन वर्षं सगळी मंडळी रंगाऱ्याच्या प्रकृतीसाठी कळवळून प्रार्थना करत होती. कुणी त्याला पोटाचं औषध नेऊन दिलं, कुणी फळं. रंगाऱ्याने फळं खाल्ली आणि पिणं चालू ठेवलं. आपण कुणाची तरी लाज राखली, असंच चष्मेवालीला वाटायचं.

त्या बुधवारी तिने सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि ती एक चिठ्ठी चष्म्याच्या रिकाम्या डबीत घालून डबी पर्समध्ये ठेवली. वाचताना तिचे डोळे मात्र बाकांवरून फिरत होते. कोण वाट पाहतंय? कोणाच्या चेहऱ्यावर निराशा दिसते? पाळकांच्या पत्नी, पाळकबाई, खाली बघत होत्या. ऑर्गनवाल्या बाई वर बघत होत्या. नणंद सरळ तिच्याकडेच बघत होती. तिघींचंही बघणं तिला संशयास्पद वाटलं.

घरी येताना सासूबाई तिचा दंड धरून चालत होत्या. पायरी उतरताना हल्ली त्या फार चाचपडायच्या.

"आज चिठ्ठ्या कमी होत्या का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही आई, नेहमीइतक्याच. का हो?"

"काही नाही, सहज."

सहज! चष्मेवालीने त्यांच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. म्हणजे बातमी सासूबाईंपर्यंतही पोचली आहे तर. नणंद, दुसरं कोण? लेकीने आईच्या कानात घातलं असणार.

सासूबाई तिचा अभिमान होत्या, हेही सांगायला हवं. गेल्या वर्षी त्यांच्या वाढदिवसाला तिने त्यांना नवा चष्मा दिला होता, गोल, जाड काठाचा, तपकिरी. तो घालून सासूबाई रविवारी चर्चमध्ये शिरल्या तेव्हा बायका गोळा झाल्या होत्या. सासूबाई प्रत्येकीला सांगत होत्या, "सुनेने दिलाय. लख्ख दिसतं, अगदी लख्ख!" जुना चष्मा चष्मेवालीने त्याच दिवशी गरिबांसाठीच्या पेटीत टाकला, तोही सगळ्यांसमोर. पाळकांनी प्रवचनात नाव न घेता अशा सुनांबद्दल दोन शब्द काढले. ते दोन शब्द तिने दहा महिने पुरवून पुरवून खाल्ले.

रोज सकाळी सासूबाई तो चष्मा लावून खिडकीशी पवित्र शास्त्र उघडून बसायच्या आणि मोठ्याने स्तोत्र वाचायच्या. कसं वाचायच्या! कुठे अडखळणं नाही, शब्द चुकणं नाही, नळाच्या पाण्यासारखं सरळ. "या वयात बघा आमच्या आईंची नजर," असं चष्मेवाली दुकानात गिऱ्हाइकांना सांगायची. एक गोष्ट मात्र तिला खटकत होती. वाचायला नजर आहे, मग सुईत दोरा ओवायला सुनेला हाक का मारतात? पोराच्या शर्टाचं बटण लावायचं म्हटलं की "डोकं दुखतंय" का म्हणतात? काम टाळतात, दुसरं काय. तोंडावर मात्र ती म्हणायची, "राहू द्या हो आई, मी लावते."

पुढच्या मंगळवारी पेटीत दुसरी चिठ्ठी होती. तीच घसरगुंडी, तेच अक्षर.

'मागच्या बुधवारी माझी चिठ्ठी राहिली. गर्दीत राहून गेली असेल. त्या बाईसाठी प्रार्थना करा. तिला खरं बोलायचा धीर होत नाही.'

"गर्दीत राहून गेली असेल!" चष्मेवाली पुटपुटली. काय हा टोमणा! तोंडात साखर आणि हातात सुरी.

आता मात्र तिने छडा लावायचाच ठरवला. तिने पाळकबाईंना, ऑर्गनवाल्या बाईंना आणि नणंदेला निरोप धाडला की चष्म्याचे स्क्रू मोफत आवळून मिळतील. त्या आल्या तेव्हा एक फॉर्म पुढे सरकवला. "नाव, पत्ता आणि काय त्रास होतो ते चार ओळी लिहा ना. आणि गंमत म्हणून डाव्या हाताने लिहा, नजरेची नवी तपासणी निघाली आहे."

पाळकबाईंनी मुकाट्याने लिहिलं. ऑर्गनवाल्या बाईंनीही लिहिलं, आणि डाव्या हातानेही त्यांचं अक्षर छापल्यासारखं आलं. नणंदेने पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"वहिनी, काय चाललंय तुमचं? स्क्रू आवळायला निबंध कशाला?"

"अहो, मालकांचा नियम आहे."

"मालक तर आत्ता आत विचारत होते की हे कसले फॉर्म."

चष्मेवालीची पाचावर धारण बसली. तिने हसून वेळ मारून नेली आणि फॉर्म चिठ्ठीशेजारी ठेवून भिंगाखाली ताडून पाहिले. एकही जुळेना. दुसऱ्या बुधवारची चिठ्ठीही डबीत गेली. आता ही डबी पर्समध्ये असली की पर्स जड वाटायची, नसली की कुणी उघडून पाहील अशी धास्ती वाटायची.

तिसरी चिठ्ठी आली ती दोनच ओळींची.

'ती बाई आता रोज सकाळी देवाच्या नावानेही खोटं बोलते. लवकर प्रार्थना करा.'

चष्मेवाली स्टुलावर बसली ती उठेचना. रोज सकाळी. देवाच्या नावाने. सकाळी दुकान उघडल्यापासून "देवाशपथ, छान दिसतंय" कोण म्हणतं? लिहिणारा जवळचा आहे, रोज ऐकणारा आहे. मालक? ते तर चर्चला येतही नाहीत. मग कोण? तिला राग यायचा सोडून रडू यायला लागलं, कारण पहिल्यांदाच चिठ्ठी कुणी लिहिली यापेक्षा चिठ्ठीत काय लिहिलंय याकडे तिचं लक्ष गेलं होतं.

तेवढ्यात दारात रंगाऱ्याची बायको उभी राहिली. तिच्या हातात नवऱ्याचा चष्मा होता, एक काडी मोडलेली, एक काच तडकलेली.

"पडला," ती म्हणाली. "जिन्यावरून."

"अरेरे! प्रकृती कशी आहे भाऊंची?" चष्मेवालीने सवयीने विचारलं.

रंगाऱ्याची बायको तिच्याकडे बघत राहिली. तिच्या कानामागून मानेपर्यंत निळसर डाग होता. चष्मेवालीला तो दिसला, आणि दिसला नाही असं दाखवायला ती वळणार होती, पण वळता आलं नाही.

"बाई, त्याच्या प्रकृतीला काही झालेलं नाही. तो पितो. मी पेटीत तेच लिहिलं होतं, चार वेळा. तुम्ही काय वाचत होतात ते मी बसून ऐकत होते."

"अहो, मला वाटलं तुमची चारचौघांत..."

"चारचौघांनाच सांगायचं होतं मला. देवाला मी घरी सांगत होतेच की." तिचा आवाज चढला नव्हता. "कुणीतरी दोन माणसं येऊन त्याच्यासमोर बसतील, त्याला बोलतील, म्हणून लिहिलं. आली ती फळं घेऊन. तुम्ही सगळ्यांना चांगल्या, बाई. मला काय त्याचा उपयोग?"

चष्मेवालीने तिच्या हातातला चष्मा घेऊन काउंटरवर ठेवला. मग तिने विचारलं, "उद्या वाचू? जसं लिहिलंत तसं?"

"चिठ्ठी कुठाय आता?"

"परत लिहा."

रंगाऱ्याच्या बायकोने तोच तपासणीचा फॉर्म उलटा केला आणि पाठीवर लिहून दिलं.

बुधवारी संध्याकाळी सभेला वीसेक माणसं होती. चष्मेवाली कागद घेऊन पुढे उभी राहिली. तिसऱ्या चिठ्ठीचं काय करायचं हे तिने ठरवलं होतं, आणि ठरवल्यापासून तिला घोट घोट पाणी प्यावं लागत होतं. अकरा वर्षांत कमावलेलं सगळं आज जाणार. उद्यापासून बायका तिला बघून बोलायच्या थांबतील, आणि आता तो संशय उरणार नाही, खरंच थांबतील.

तिने आधी रंगाऱ्याच्या बायकोची चिठ्ठी वाचली, शब्द न् शब्द. रंगाऱ्याची बायको मान ताठ ठेवून बसली होती. मागच्या बाकावरचे दोन पुरुष, एक सुतार आणि एक निवृत्त मास्तर, एकमेकांकडे बघून हळूच मान हलवून काहीतरी ठरवताना दिसले.

मग तिने डबी उघडली. "या तीन चिठ्ठ्या एकाच माणसाच्या आहेत. दोन मी लपवल्या होत्या." तिने तिन्ही वाचल्या. "ज्याने लिहिल्या त्याने बरं केलं. ही बाई मी आहे. मी तुमच्या चिठ्ठ्याही बदलून वाचत आले. मला तुम्ही चांगली म्हणावं म्हणून."

"खाली बस गं," एक आवाज आला. "ती तू नव्हेस."

सासूबाई पुढच्या बाकाची पाठ धरून उठत होत्या.

"आई?"

"चिठ्ठ्या माझ्या आहेत. ती बाई मी." त्या पाळकांच्या दिशेने बोलत होत्या, पण जिथे पाळक उभे होते त्याच्या हातभर डावीकडे बघून. "या चष्म्यातून मला काही दिसत नाही. पहिल्या दिवसापासून नाही. पोरीने एवढ्या हौसेने दिला, सगळ्यांपुढे कौतुक झालं, आणि मी बोलून बसले की लख्ख दिसतं. मग परत कसं फिरवायचं? वाटलं, सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली तर धीर येईल, मग सांगेन. म्हणून चष्मा काढून, अंदाजाने लिहून टाकत होते."

"पण आई, तुम्ही रोज सकाळी वाचता!"

"पाठ आहेत मला ती स्तोत्रं, लहानपणापासूनची. पुस्तक नुसतं उघडायचं. तू गिऱ्हाइकांना सांगत होतीस ना माझ्या वाचनाबद्दल, मग बंद कसं करू?"

चष्मेवालीने पुढे होऊन त्यांच्या नाकावरून चष्मा उतरवला. हातभर लांब धरून तिने त्यातून खिडकीच्या उभ्या गजाकडे पाहिलं आणि चष्मा जरासा हलवला. एका काचेत गज तिरका झाला, दुसऱ्या काचेत मधूनच तुटला. तिने काठावरून बोट फिरवलं. सासूबाईंचा डावा डोळा अधू, म्हणजे जाड काच डावीकडे हवी. ती उजवीकडे होती. फ्रेम गोल, काचाही गोल, कुठलीही काच कुठेही बसते आणि बसल्यावर गोल फिरतेही, आणि फिरली की दिसणं बिघडतं. म्हणून तर कुठली बाजू कुठे यायची हे कळायला प्रत्येक काचेवर शाईचा ठिपका देतात आणि बसवल्यावर मशीनवर तपासतात. जाड काठाने वरून सगळं झाकलं होतं. आणि ती स्वतः, जिचा धंदाच नजरेचा, तीन चिठ्ठ्यांमधल्या घसरत्या ओळी बघून डाव्या हाताचे चोर शोधत बसली होती.

"कारखान्यातून चूक झाली असेल हो," पाळकबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

केवढी सोयीची वाट होती ती. चष्मेवालीच्या ओठांवर "हो ना" आलंही होतं.

"नाही," ती म्हणाली. "काचा मीच बसवल्या. ठिपके मीच पुसले. तपासायला वेळ नव्हता असं नाही. रविवारी तुम्हा सगळ्यांना कधी दाखवते असं झालं होतं, म्हणून मी तपासला नाही." सासूबाईंनी हवेत हात फिरवून तिचा खांदा शोधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तिने सासूबाईंना स्टुलावर बसवलं. मालकांना सगळं सांगितल्यावर ते दोन वाक्यं तिखट बोलले आणि त्यांनी मशीन मोकळं करून दिलं. तिने काचा काढल्या, ठिपके दिले, बसवल्या, तपासल्या, पुन्हा तपासल्या. चष्मा सासूबाईंच्या नाकावर ठेवला.

सासूबाईंनी भिंतीवरचा तक्ता बघितला, काउंटर बघितला, मग आरशात स्वतःला.

"कसा दिसतो?"

"देवा..." चष्मेवालीने जीभ चावली. तिने नीट बघितलं. "घुबडासारख्या दिसता, आई. गोल फ्रेम तुम्हाला शोभतच नाही. मी दुसरी देते."

"मला कधीपासून वाटतंय तसं," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की मालक बाहेर येऊन बघून गेले.

मग सासूबाईंनी पिशवीतून शास्त्र काढलं. नेहमीचं पान उघडणार तोच त्या थांबल्या आणि बरीच पानं उलटून भलतीकडेच उघडलं. बोट ओळीखाली धरून त्या वाचायला लागल्या. दुसऱ्याच शब्दावर अडखळल्या. मागे गेल्या, जोडाक्षर फोडून म्हणाल्या, पुढच्या ओळीवर पुन्हा अडकल्या.

चष्मेवाली काउंटरवर कोपर टेकून ऐकत राहिली. दहा महिन्यांत सासूबाईंनी इतकं वाईट कधीच वाचलं नव्हतं. त्या खरंच वाचत होत्या.